मिसबाईची मोटार

अण्णांचा, माझ्या वडिलांचा, चेहरा आठवायला गेलं की मला आधी त्यांचे पाय दिसतात. चिंचेखाली उभ्या असलेल्या काळ्या विलायती मोटारीच्या पोटाखालून बाहेर आलेले दोन पाय — टाचांना भेगा, एका पायातली चप्पल निसटलेली, पायजम्याच्या काठाला चिकटलेली चिंचेची बारीक पिवळी पानं. आत कुठेतरी अंधारात पान्याची टकटक, मधूनच एखाद्या भजनाची गुणगुण, आणि पेट्रोल, ग्रीस, ओलं रेक्झिन आणि कोंबड्यांची शीट या सगळ्यांचा मिळून झालेला तो वास... लोक बालपणाच्या वासांबद्दल लिहितात तेव्हा त्यात मोगरा असतो, तव्यावरची भाकरी असते, पहाटेचा बंब असतो. माझ्या वाट्याला हा वास आला. त्यानं मला आजही मळमळतं.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा हिरमोड व्हायला नको: जुन्या मोटारी पाहून ज्यांचा जीव गलबलतो त्यांच्यातली मी नाही. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या आमच्या घरासमोर ती मोटार माझ्या अख्ख्या बालपणावर ठाण मांडून बसली होती. दिसायला देखणी होती, ते नाकारत नाही. मोठ्ठे गोल दिवे, मागे उतरत गेलेलं टपाचं वळण, चढायला दोन्ही बाजूंना लांब पायरी, आणि वळताना दारांच्या मधल्या खांबातून ‘टक्’ करून बाहेर येणारा सिग्नलचा वीतभर पिवळा हात. तो एकदा बाहेर आला की आत जायचं विसरायचा; मग अण्णा खिडकीतून वाकून त्याला चापट मारायचे. पुढच्या जाळीवरच्या कंपनीच्या नावातली निम्मी पितळी अक्षरं कधीच गळून गेली होती, त्यामुळे तिचं खरं नाव गावात कुणी घेतलं नाही. ती मिसबाईची मोटार म्हणून आली आणि आमच्याकडे येऊनही मिसबाईचीच राहिली. पोसलं आम्ही, नाव मात्र तिचं.

मिसबाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यातली इंग्रज बाई. उंच, हाडकुळी, उन्हानं कायम लाल झालेली. आयुष्यभर तिनं आमच्या लोकांना स्वच्छतेचे धडे दिले आणि स्वतःची मोटार मात्र एकदाही धुतली नाही. कायमची मायदेशी परतायची वेळ आली तेव्हा तिला प्रश्न पडला, या खटाऱ्याचं करायचं काय? विकत घेणारं कुणी मिळेना. मग तिनं ती देवाला दिली. नको असलेली वस्तू देवाला देण्याची अक्कल सगळ्या धर्मांत सारखीच असते, हे मला पुढे मोठेपणी कळलं.

आमच्याकडे कापणीचा सण असतो. शेतातून, परसातून जे निघेल त्यातलं पहिलं देवळात आणून वाहायचं — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो — ज्वारीची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे, केळीचा घड, पाय बांधलेल्या कोंबड्या. आणि उपासना झाली की बाहेरच्या मांडवात त्या सगळ्याचा लिलाव करायचा. या लिलावाची आमच्याकडची एक रीत आहे. ज्यानं बोली जिंकली त्यानं वस्तू लगेच घरी न्यायची नसते. ती उंच धरून सगळ्यांना दाखवायची, ‘पुन्हा देवाला’ म्हणायचं आणि परत टेबलावर ठेवायची. की पुन्हा बोली सुरू. एकच भोपळा असा घरोघरी न जाता घरोघरचा होतो, देवळाच्या पेटीत भर पडते आणि देणाऱ्याची मान ताठ होते. शेवटी सगळ्यांचा उत्साह ओसरला की ज्यानं सर्वांत शेवटी बोली लावली त्याच्या पदरात भोपळा पडतो. भोपळ्याचं ठीक आहे, त्याची भाजी होते.

त्या वर्षी टेबलाशेजारी झेंडूची माळ घातलेली मोटार उभी होती. बोलीला असा काही जोर चढला की विचारू नका, कारण आपल्याला ती न्यायची नाही हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. फुकटचा मोठेपणा मिळत असला की आमच्या लोकांच्या अंगात वारं भरतं. मुख्याध्यापकांनी जिंकली... पुन्हा देवाला. एका बागायतदारानं जिंकली, पायरीवर उभं राहून चारही दिशांना हात जोडले... पुन्हा देवाला. मग लिलाव पुकारणाऱ्यानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा मिशनच्या शाळेत मास्तर. साधा, हळू बोलणारा माणूस. तोंडावर कुणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. भाजीवालीनं किडकी वांगी पिशवीत टाकली तरी ते दुसरीकडे बघायचे. त्यांनी बोली लावली, टाळ्या झाल्या, त्यांनी बॉनेटवर हात ठेवून ‘पुन्हा देवाला’ म्हटलं... आणि मांडव गप्प झाला. पुकारणाऱ्यानं एकदा विचारलं, दोनदा विचारलं. लोकांना एकदम आपापल्या चपला शोधायची घाई झाली.

“मास्तर,” पुकारणारा म्हणाला, “देवाची इच्छा दिसतीया. घिऊन जा आता घरी.”

आईनं माझा दंड धरला होता, तो तिनं इतका आवळला की मी ओरडले. आई सोनईची, शेतकऱ्याची लेक, तिला बैल कळत होते. ढकलत ढकलत मोटार आमच्या अंगणात आणून लावल्यावर तिनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, “हिला वैरण काय घालायची?”

वैरण आमच्या घराची पडली. अण्णांनी त्या मढ्यात जीव घालायचा ध्यास घेतला. शाळा सुटली की ते सदरा काढून खाली शिरायचे. श्रीरामपूरच्या मिस्त्रीकडून एखादा नट, नगरच्या भंगारवाल्याकडून एखादी नळी, कुणाच्या तरी मोडक्या ट्रॅक्टरमधला पट्टा. बसायच्या गादीत आमच्याच एका गादीचा कापूस गेला आणि फुटलेल्या काचेच्या जागी कितीतरी दिवस माझी शाळेची पाटी होती. अण्णांचे हात कोपरापर्यंत काळे. रॉकेलनं धुतले, राखेनं घासले तरी ते काळं नखांतून हटायचं नाही. फळ्यावर लिहिताना खडू काळा व्हायचा म्हणून पोरं हसायची. माझ्या वेणीच्या रिबिनीवर, आईच्या पातळावर, उशीच्या अभ्र्यावर, भाकरीच्या कडेला — अण्णांचा हात लागला की बोटं उमटलीच. घरात पांढरं म्हणून काही राहिलं नाही. आणि एवढं करून एके दिवशी ती खोकत, थरथरत, निळा धूर ओकत चालू झाली तेव्हा सगळं गाव गोळा झालं, आणि अण्णा रडले. आईच्या बाळंतपणात रडले नसतील असे.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सांगताना माझी जीभ अजून कडू होते.

मिसबाईनं जाताना एक काम मात्र बरं केलं होतं. आई तिच्या हाताखाली दवाखान्यात आया म्हणून राबायची. तिचा हात हलका होता, रक्त बघून ती डगमगायची नाही, आणि अडलेल्या बाईशी बोलताना तिचा आवाज असा काही मऊ व्हायचा की मला त्या बायांचा हेवा वाटायचा. मिसबाईनं मिरजेच्या मिशन दवाखान्यात शब्द टाकला आणि आईला नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळवून दिली. लग्न झालेल्या बाईला तेव्हा सहसा घेत नसत. दीड वर्ष तिथेच राहायचं, मला आत्या सांभाळणार, आणि परत आल्यावर आई पांढऱ्या पोशाखातली, टोपीवाली नर्स होणार. अट एकच — ठरल्या दिवशी हजर व्हायचं. नाहीतर जागा दुसरीला. आईनं ही बातमी अण्णांना सांगितली तेव्हा ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. नुसते उठले आणि गाडीखाली गेले.

पुढचा सगळा आठवडा ते गाडीखालीच होते. आईला वाटलं, हाच त्यांचा होकार. बाई, बोलत नाहीत, पण मला सोडायला नीट करताहेत गाडी... असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. तरी आदल्या दिवशी ती म्हणाली होती, “टांगा सांगून ठिवते.”

“दारात मोटार असताना टांगा?” अण्णा म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

थंडीचे दिवस होते. श्रीरामपूरचं स्टेशन काही लांब नाही, पण सकाळी धुकं असतं आणि उसाचे दिवस असले की रस्ताभर बैलगाड्या. आईनं नवं पातळ नेसलं होतं. मला तिनं स्वतः शिवलेला पांढरा झगा घातला होता, स्टेशनवर निरोप द्यायला म्हणून. मी मागे बसले, शेजारी पत्र्याची निळी ट्रंक. गाडीच्या फटीतून गार वारा आणि कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आत येत होता. आणि खरं सांगते, ती भवानी त्या दिवशी कधी नव्हे ती झकास चालली. आई पुढे बसून हसत होती. तिचं ते हसणं मला मागून दिसत होतं... कानाच्या पाळीवरून, गालाच्या कडेवरून. नंतर तसं ती हसल्याचं मला आठवत नाही.

पाटाचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना उंच ऊस लागला आणि मोटार एकदम गप्प झाली. ना खोकला, ना धूर. अण्णा खाली उतरले, त्यांनी बॉनेट वर केलं आणि आत डोकं घातलं.

“काय झालं हो?” आईनं विचारलं.

“बघतो.”

ते बघत राहिले. उसाच्या गाड्या येत होत्या, पण सगळ्या आमच्या उलट दिशेनं, कारखान्याकडे. आई खाली उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा ‘बघतो’. मग तिनं मागचं दार उघडलं, ट्रंक ओढून डोक्यावर घेतली आणि स्टेशनाच्या दिशेनं चालायला लागली. चालायला म्हणजे जवळजवळ पळायलाच. नव्या पातळाचा काठ धुळीत, एक हात ट्रंकेला. अण्णांनी मला काखेत धरून उचललं आणि पायरीवर उभं केलं, आई दिसावी म्हणून. आम्ही दोघं बघत होतो. मग उसापलीकडून आगगाडीची शिट्टी आली, लांबलचक, आणि चाकांचा तो आवाज हळूहळू मोठा होऊन कमी होत गेला.

अण्णांनी बॉनेट लावलं. पुढे जाऊन हॅन्डल मारलं, आणि पहिल्याच झटक्यात ती टवळी सुरू झाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी टाळ्या वाजवल्या, मला काय कळत होतं! आम्ही आईपाशी पोचलो तेव्हा ती रस्त्यातच थांबलेली होती. अण्णांनी आतून दार उघडलं. तिनं ट्रंक माझ्या शेजारी ठेवली, दार लावलं आणि वळून घराकडे चालू लागली. मोटार तिच्यामागून, बैलाच्या चालीनं, घरापर्यंत.

जागा दुसरीला गेली. आई मिशनच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाला लागली आणि म्हातारी होईपर्यंत तिनं तिथल्या भाकऱ्या थापल्या. त्या मोटारीत तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. वर्षभरानं विनय, माझा भाऊ, जन्माला आला, तेव्हाही कळा देत ती दवाखान्यात चालत गेली. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मोटारीला शिव्या देण्याचा नेम सुरू झाला. सकाळी चुलीला जाळ घालताना, दुपारी निवडताना, संध्याकाळी दिवा लावताना — सटवी, कैदाशीण, घात केला मेलीनं, तिच्या तोंडात माती पडो. अण्णा पाटावर खाली मान घालून जेवत असायचे. मला वाटायचं, गाडीला बोललेलं त्यांना लागतं; आणि मला त्यांची कीव यायची. लोखंडावर जीव लावणाऱ्या माणसाची येते तशी कीव.

नवल म्हणजे त्या दिवसानंतर त्यांनी स्वतःही ती फारशी रस्त्यावर काढली नाही. पण रविवार आला की खाली शिरायचे. “एकदा नीट झाली की तुला फिरवून आणतो,” असं ते दर थोड्या दिवसांनी आईला सांगायचे, आणि आई म्हणायची, “मसणात न्या.” ती नीट झालीच नाही. टायर बसले, गंज चढला, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या, उन्हाळ्यात आई टपावर कुरडया वाळत घालायची — तेवढाच तिनं त्या विलायती सौंदर्याचा उपयोग करून घेतला. दुसऱ्या मुली आईकडून पुरणपोळी शिकतात. मी त्या मोटारीचा दुस्वास शिकले. इतक्या मन लावून शिकले की पुढे नगरला संसार थाटल्यावर कुणी जुन्या गोष्टींचं कौतुक करायला लागलं की माझ्या कपाळावर आठी उमटायची. आजही उमटते.

अण्णा गेले. आणि विनयच्या अंगात आलं.

विनय पुण्यात. संगणकावर काहीतरी करतो, ते मला समजत नाही आणि त्यानंही कधी समजावलेलं नाही. एके दिवशी तो एक लांबलचक टेम्पो घेऊन आला, चिंचेखालचं ते धूड त्यानं दोरखंडांनी वर चढवलं आणि घेऊन गेला. ‘रिस्टोर’ करणार म्हणे. मग विलायतेहून पार्सलं यायला लागली. खिळासुद्धा तिकडचाच हवा. “ताई, सगळं ओरिजनल आहे,” तो फोनवर सांगायचा. मी विचारलं, “अरे, ओरिजनल तर ती आपल्या अंगणात होती. कोंबड्यांसकट.” त्याला हसू आलं नाही.

त्याच्या त्या जुन्या मोटारींच्या मंडळाच्या एका मेळाव्याला मी एकदा गेले. पाहण्यासारखा प्रकार होता. एप्रिलच्या उन्हात लोकरीच्या टोप्या, जाकिटं, तोंडात न पेटवलेले पाइप. ज्यांच्या आजोबांना साहेबाच्या बंगल्याच्या पायरीशी वहाणा काढाव्या लागत होत्या, त्यांचे नातू साहेबाचं सोंग घेऊन साहेबाच्या मोटारीला टेकून फोटो काढत होते. एकमेकांच्या मोटारींकडे बघून ‘अहाहा’ करायचं, आणि पाठ वळली की याचा रंग चुकलाय, त्याचं चामडं खोटं आहे. एकाही गाडीला कसलाही वास नव्हता. विनयची मोटार मी ओळखलीच नाही. काळी होती ती गर्द हिरवी झालेली, आत साईच्या रंगाच्या मऊ गाद्या, जाळीवर नावाची सगळी अक्षरं जागच्या जागी. मी दार उघडून नाक आत घातलं. नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा वास होता. कशानं कोण जाणे, मी पुन्हा वाकून कोंबड्यांचा वास शोधला, आणि त्याचाच मला इतका राग आला की मी जेवण न घेता निघाले.

तिचा एक छोटा व्हिडिओ त्यानं सगळ्यांना पाठवला होता. त्यात मागे बासरी, आणि वर अक्षरं: ‘अण्णांचं अपूर्ण स्वप्न’. आईच्या अपूर्ण स्वप्नाचा व्हिडिओ कुणी केला नाही. पण विनयचाही काय दोष... त्याच्या जन्माआधीची गोष्ट. घरात त्यानं ऐकल्या त्या नुसत्या शिव्या. त्या कशापायी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन-चार वर्षांमागे एका कापणीच्या सणाला तो मोटार घेऊन बेलापूरला आला. मी सणाला म्हणून आईपाशी होते. त्याच्या मनात होतं की आईनं पुढच्या सीटवर बसावं आणि सगळ्या गावादेखत तिला देवळात न्यावं. तो हे हसत सांगत होता, पण त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. आई नाही म्हणाली असती तर त्याचं काय झालं असतं, ते मला दिसत होतं. आणि ती हो म्हणाली तर माझं काय होईल, तेही. त्या मोटारीत पाऊल न ठेवण्याचा आयुष्यभराचा तिचा नेम होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगणारच होते की आईला छळू नकोस, तेवढ्यात आई ओट्यावरून काठी टेकत उतरली. तिनं मोटारीभोवती एक फेरी मारली. चकचकीत दारात तिला स्वतःचं तोंड दिसलं असावं. तिनं पदर सारखा केला.

“देवळात नगं,” ती म्हणाली. “देऊळ हितंच हाय, चालत जाईन मी. स्टेशनाकडं घे.”

“स्टेशनाकडे? तिथं काय आहे, आई?”

“घे म्हनलं ना.”

विनयला वाटलं, म्हातारीला लांबची चक्कर हवी आहे. तो हरखून गेला. मी मागे बसले.

रस्ता आता रुंद झाला आहे. बैलगाड्यांच्या जागी दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि पुलाच्या अलीकडे-पलीकडे कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. पाटाचा पूल आला तेव्हा मी पुढच्या सीटची पाठ धरली. ऊस तसाच होता, दोन्ही बाजूंनी, तुऱ्याला आलेला. मोटार जराही न अडखळता पुढे गेली. आई समोर बघत होती, हात मांडीवर. मागून मला तिच्या गालाची कड दिसत होती, पण आता तिच्यावरून काही समजत नव्हतं.

स्टेशनाबाहेर गर्दी जमली. रिक्षावाले, कॉलेजची पोरं, मोबाईल काढून फोटो. विनय त्यांना पिवळा हात बाहेर काढून दाखवण्यात रमला. आई माझा हात धरून फलाटावर आली आणि बाकावर बसली. मी चहा आणला. समोरचे रूळ रिकामे होते, एक कुत्रं त्यांच्यामधून चाललं होतं. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि म्हणून मी म्हणाले, “बघ, पोचवलं हो शेवटी हिनं तुला. आयुष्य सरल्यावर का होईना.”

आईनं चहावर फुंकर घातली. “त्या दिशी बी पोचवलं असतं तिनं.”

“म्हणजे?”

“बंद पडलीच नव्हती ती.”

मला आधी वाटलं, वयामुळे तिचा काहीतरी घोटाळा होतोय. पण ती मला समजावल्यासारखं हळू बोलत होती, अडलेल्या बायांशी बोलायची त्या आवाजात.

“घरी यून तुजा झगा काढला मी. पांढराफेक. तुला त्यांनी उचलून पायरीवर उभी केल्ती ना? एक बोट उमटलं न्हाई त्याच्यावर. येवढा येळ बॉनेटमदी डोकं घालून हुते, अन् हात कोरे.” तिनं एक घोट घेतला. “नुसते उभे हुते तितं. आगगाडी जायची वाट बघत.”

“तू विचारलं नाहीस त्यांना?”

“काय इचारायचं? आपल्या तोंडानं येकदा म्हनले असते ना, नगं जाऊ... तर मी भांडले असते, रडले असते. ऱ्हायले बी असते कदाचित. तेवढं म्हनता आलं न्हाई त्यांना.”

“मग जन्मभर त्या गाडीला का शिव्या घातल्यास?”

आई माझ्याकडे बघत राहिली, मी एवढी मोठी होऊनही मला साधी गोष्ट कळू नये याचं तिला वाईट वाटल्यासारखी. “मग कुनाला घालू?” ती म्हणाली. “रोज ताट वाढायचं हुतं त्यांना. अन् त्यांना कळत हुतं की, मी कुनाला बोलते ते.”

विनय धावत आला. गाडीजवळ एक फोटो हवा होता, लोक थांबले होते. आई उठली, त्याच्या दंडाला धरून गेली, पायरीवर पाय ठेवून उभी राहिली आणि त्यानं सांगितलं तिकडे तिनं पाहिलं. मी बाकावर बसून होते. मला अण्णांचा राग आला — मुळापासून, पहिल्यांदाच — आणि त्याच्यापाठोपाठ ते गाडीखाली आयुष्य घालवणारं माणूस डोळ्यांसमोर आलं. तो राग मला नीट धरताही येईना, टाकताही येईना. इतकी वर्षं मी ज्या वस्तूला तुच्छ मानत आले, ती बिचारी बाहेर उन्हात चकाकत उभी होती, आणि तिनं कुणाचंच काही वाकडं केलेलं नव्हतं.

आता दर कापणीच्या सणाला विनय मोटार घेऊन येतो. आई पुढे बसते, देवळापर्यंत चार पावलांचं अंतर असलं तरी मिरवत जाते, आणि तोंडातून एक वाकडा शब्द काढत नाही. विनय मागचं दार उघडून माझ्यासाठी थांबतो. मी म्हणते, तुझ्या त्या डबड्यात बसेल माझी चप्पल, आणि मोटारीमागून चालत येते. त्याला वाटतं, ताईचा गाडीवरचा राग काही जात नाही. मी त्याला तसंच वाटू देते.